गौरीची गोळी

श्रावण संपत आला की नाक्यावरच्या मेडिकलवाल्याला मला काही सांगावं लागायचं नाही. काउंटरपाशी जरा घुटमळले की तोच खालच्या आवाजात विचारायचा, "भाभी, वोही ना?" मी मान हलवायची, तो कागदात गुंडाळलेली स्ट्रिप पुढे सरकवायचा. मागे उभी असलेली बाईही बहुतेक त्याच कामाला आलेली असायची आणि माझ्यासारखीच उगाच खोकल्याच्या गोळ्यांच्या बरणीकडे बघत राहायची. गणपतीच्या तोंडावर आमच्या गोडदेव गावातल्या निम्म्या बायका एकच औषध घेत असतील. पाळी पुढे ढकलायची गोळी. आमच्या घरात तिचं नाव 'गौरीची गोळी'. चिठ्ठी नाही, डॉक्टर नाही, मांडणीवर साखरेच्या डब्याशेजारी तिची ठरलेली जागा.

आमच्याकडे गौर येते. ज्या घरची गौर, त्याच घरच्या सवाष्णीनं ती आणायची, असा नियम. माझे सासरे मी या घरात यायच्या आधीच गेले, त्यामुळे सासूबाईंचा तो मान संपला. नवरा एकुलता एक. म्हणजे घरात सवाष्ण एकच, ती मी. नेमक्या त्या दिवशी मला पाळी आली तर गौर दाराबाहेरच. म्हणून लग्नानंतरच्या पहिल्याच गणपतीला सासूबाईंनी माझ्या हातावर ती गोळी ठेवली आणि म्हणाल्या, "घे गो. गौर दारात खोलंबाया नको." मी घेतली. नवीन नवरी होते, नाही कुठे म्हणणार?

तसं नाही म्हणायची मला चांगली सवय आहे. मी बेव्हर्ली पार्कातल्या फ्लॅटात वाढले. आईबाबा दोघं नोकरीवर. आमच्याकडे शिवाशीव अजिबात नव्हती आणि आईला त्याचा केवढा अभिमान! पण शिवाशीव नाही तसं कौतुकही नाही. शाळेत असताना मी पोट धरून गार फरशीवर लोळायचे आणि आई खांद्याला पर्स अडकवत म्हणायची, "सगळ्यांनाच होतं गं. मी नाही का जात ऑफिसला?" ओवा खा, गरम पाणी पी, आणि ऊठ. तिला तिच्या आईनं हेच सांगितलं होतं, तिनं मला सांगितलं. बाईच्या जातीला एवढं दुखतंच, हे मला पाढ्यांसारखं पाठ झालं होतं.

सासरी उलटा कारभार. हे गोडदेवातलं जुनं घर, पूर्वी मिठागरं आणि भातशेती होती. आता शेताच्या जागी बिल्डिंगा झाल्या आणि त्यातल्याच एका बिल्डिंगीत पहिल्या मजल्यावर आम्ही राहतो. पण घरातले नियम शेतातलेच राहिले. चार दिवस बाजूला बसायचं. लोणच्याला हात नाही, देवघराकडे फिरकायचं नाही, ओट्याशी यायचं नाही. माझं डोकंच फिरलं. पहिले सहा महिने मी आणि सासूबाई या एका गोष्टीवरून अशा भांडलो की शेजारची गुजराती भाभी दाराशी येऊन "सब ठीक है ना?" म्हणून विचारून जायची. शेवटी मी जिंकले. सासूबाई म्हणाल्या, "बरा बाई, कर तुला काय करायचा तो. फक्त देवाला सोड." आणि जिंकल्याचं बक्षीस म्हणून पोटात कळा मारत असताना तव्यासमोर उभं राहून तांदळाच्या भाकऱ्या थापायचं काम मला मिळालं! हसू नका, मी तेव्हाही हसले नव्हते.

कळा म्हणजे काय ते ज्याला त्यालाच ठाऊक. ओटीपोटात कुणीतरी ओला कपडा पिळतंय, पिळतंय, आणि सोडतच नाही, असं व्हायचं. मांड्या भरून यायच्या, कंबर मोडायची, मळमळायचं. मी ओट्याची कड घट्ट धरून श्वास सोडायची आणि भाकरी करपू नये म्हणून डोळे उघडे ठेवायची. नवरा बिचारा मऊ स्वभावाचा. त्याला दुसरं काही जमायचं नाही, पण गरम पाण्याची पिशवी भरायला तो शिकला होता. टॉवेलात गुंडाळून आणून द्यायचा आणि माझ्या पायाशी बसून राहायचा. त्या बसून राहण्याची किंमत मला आज कळते. तेव्हा मी त्याच्यावरही खेकसायचे, "बघत काय बसलायस, टीव्हीचा आवाज कमी कर!"

गौरीनंतरच्या महिन्यात तर विचारूच नका. गोळी थांबली की पाळी यायची ती सूड घेतल्यासारखी. मी कोपऱ्यात पडलेली दिसले की सासूबाई म्हणायच्या, "गोली गरम परते गो तुला." आमच्या घरचे डॉक्टरही नाडीला हात लावायच्या आधी विचारायचे, "गोळ्या घेतल्या होत्यात ना? मग होणारच," आणि दुखणं थांबायचं इंजेक्शन टोचून मोकळे व्हायचे. पुढं पुढं मलाच ते सोयीचं वाटायला लागलं. गणपतीत दुखलं तर गौरीच्या गोळीमुळे. दिवाळीत दुखलं तर त्या गोळीची गरमी अजून उतरली नाही म्हणून. होळीत दुखलं तर मध्ये नात्यातल्या लग्नासाठी आणखी एकदा घेतली होती म्हणून. बारा महिने दुखत होतं आणि बारा महिने आमच्याकडे त्याचं उत्तर तयार होतं. आमच्यासारख्या घरांतच हे होऊ शकतं, जिथं देवासाठी गोळी घेतली जाते आणि मग जे काही होईल ते त्या गोळीच्या माथी मारलं जातं.

आणि गंमत ऐका. मी नोकरी कुठे करते, तर सिल्व्हर पार्कात एका सोनोग्राफी सेंटरच्या रिसेप्शनवर. दिवसभर बायकांना सांगायचं, "मॅडम, पानी पिके बैठो. प्रेशर आया तो बताना." माझ्यासमोर रोज पोट धरून आलेल्या बायका बसायच्या. त्यांना मी पाण्याची बाटली द्यायची, धीर द्यायची, आणि स्वतःला कळ आली की काउंटरच्या मागे खाली वाकून काहीतरी शोधल्याचं नाटक करायची. शेजारी बसणारी पोरगी समजूतदार होती. ती न बोलता माझी रांग स्वतःकडे घ्यायची. तिलाही मी कधी धड थँक्यू म्हटलं नाही.

त्या वर्षी गणपतीला थोडेच दिवस राहिले होते. पाळीची वेळ नव्हती, गोळीही अजून सुरू केली नव्हती, आणि दुपारी काउंटरवर बसल्या बसल्या डाव्या बाजूला असं काही दुखायला लागलं की मी उठून बेसिनपर्यंतही पोहोचले नाही. तिथंच उलटी झाली. सोनोग्राफी करणाऱ्या मॅडम बाहेर आल्या. एरवी त्या कामापुरतंच बोलणाऱ्या. त्यांनी माझ्याकडे एकदा बघितलं आणि म्हणाल्या, "चल, टेबलावर चढ."

"मॅडम, बाहेर पेशंट बसलेत."

"तू पण पेशंटच आहेस. चढ म्हणते ना!"

त्यांचे उपकार मी या जन्मात फेडू शकत नाही. स्क्रीन त्यांनी माझ्याकडे वळवली. इतकी वर्षं मी त्या खोलीच्या दाराशी उभी राहिले, पण माझं पोट आतून कधी बघितलं नव्हतं. डाव्या ओव्हरीवर गाठ होती, चांगली मोठ्या लिंबाएवढी. उजवीकडे एक लहानशी. मॅडम म्हणाल्या, "चॉकलेट सिस्ट म्हणतात याला." नाव ऐकून मला त्या अवस्थेतही राग आला. एवढ्या दुखण्याला ठेवायला दुसरं नाव नव्हतं मिळालं?

त्यांनीच ओळखीच्या स्त्रीरोगतज्ज्ञ बाईंकडे पाठवलं. या बाई मोठ्या सर्जन, पण बोलणं शेजारणीसारखं. त्यांनी कागदावर चित्र काढून मला समजावलं. गर्भाशयाच्या आत जसं अस्तर असतं तसलंच अस्तर माझ्या ओव्हरीवर, आजूबाजूला वाढलं होतं. पाळी आली की तिथंही रक्त यायचं, पण त्याला बाहेर जायला वाट नाही. ते तिथंच साठायचं, घट्ट व्हायचं, आजूबाजूचं सगळं एकमेकाला चिकटवून टाकायचं. मी विचारलं, "गोळ्यांमुळे झालं का हे?"

"नाही हो," त्या म्हणाल्या. "गोळ्यांनी हे झालेलं नाही. पण सगळं गोळ्यांवर ढकललंत म्हणून शोधलं कुणी नाही."

दुर्बिणीतून ऑपरेशन करावं लागेल, असं ठरलं. अशी गाठ फुटू शकते, क्वचित पीळही पडू शकतो, तेव्हा फार लांबवायचं नाही. त्या एवढंच म्हणाल्या असत्या तर मी धीरानं घेतलं असतं. पण पुढे त्यांनी सांगितलं की डावी ओव्हरी फारच चिकटलेली निघाली तर कदाचित ती काढावी लागेल. उजवीवरही गाठ आहेच, म्हणजे मूल व्हायला अवघड जाऊ शकतं. वाचवायचा प्रयत्न करता येईल, पण थोडं जरी राहिलं तरी दुखणं परत येऊ शकतं. "तुम्हाला काय हवंय ते घरी विचार करून या," त्या म्हणाल्या. परत भेटेपर्यंत मनानं कुठलीही हार्मोनची गोळी घ्यायची नाही, हेही सांगितलं.

लग्नाला बरीच वर्षं झाली होती आणि आम्हाला मूल नव्हतं. सासूबाई तोंडावर कधी टोचून बोलल्या नाहीत, पण दर महिन्याला मी बाजूला बसले, म्हणजे देवघर सोडलं, की त्यांचा चेहरा उतरायचा. "काय गो, आली?" एवढंच विचारायच्या आणि आत निघून जायच्या. शेजारच्या भाभीचं बाळ दिवसभर आमच्या घरी असायचं. त्याला तेल लावणं, पायावर घेऊन न्हाऊ घालणं, सगळं सासूबाई करायच्या. भाभी म्हणायची, "आंटी, आपके हाथ में जादू है." त्या वेळी त्या माझ्याकडे बघायच्या नाहीत. त्या न बघण्यानं मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं.

मग त्यांना मी काय सांगणार होते? ओव्हरी जाईल म्हणून? नवऱ्याला सांगितलं आणि त्याच्याकडून वचन घेतलं की गौरी-गणपती होईपर्यंत आईंना काही कळू द्यायचं नाही. त्यानं मान डोलावली. खोटं बोलताना त्याचे कान लाल होतात, म्हणून मी त्याला शक्यतो आईंसमोर बसूच देत नव्हते.

गणपती आले. गौरी यायच्या आदल्या दिवशी मी स्वयंपाकघरात निवडण-टिपण करत होते आणि सासूबाई नेहमीसारख्या मांडणीजवळ येऊन म्हणाल्या, "गोली चालू केलीस नं गो?"

तारखेनं हिशेब केला तर पाळी कुठल्याही क्षणी येणार होती. पोटात आधीच गोळे उठत होते. माझा पारा चढला तो चढलाच. हातातलं भाजीचं ताट मी आपटलं. "नाही केली! आणि करणारही नाही! पोटात लिंबाएवढी गाठ आहे माझ्या, ऑपरेशन सांगितलंय, ओव्हरी काढावी लागेल म्हणतात. झालं समाधान?"

भाजी सगळी जमिनीवर. सासूबाईंनी मांडणीला हात टेकला. मग अगदी बारीक आवाजात म्हणाल्या, "क्यान्सर तं न्हाय नं?"

"नाही."

"बरा," त्या म्हणाल्या आणि खाली बसून भाजी गोळा करायला लागल्या. संध्याकाळभर त्या माझ्याशी बोलल्याच नाहीत. मला वाटलं, झालं, नातवाची आशा गेली, आता आयुष्यभर हे असंच चालणार. उशीत तोंड खुपसून मी भरपूर रडले.

आणि सकाळी पाळी आली. नेमकी गौरीच्या दिवशी. उठायला गेले आणि परत गादीवर आडवी झाले. पुढच्या खोलीत चुलतसासू आलेल्या, तयारीला मदत करायला. गणपतीपुढे पाट मांडलेला, हळदीकुंकवाची पावलं काढायची बाकी. तेरड्याची रोपं सुपात ठेवलेली. आमच्याकडे ती रोपं बाजारातून आणतात, पण गौर म्हणून घरी आणायची ती गावच्या जुन्या विहिरीवरून. विहिरीवर आता लोखंडी जाळी आहे आणि भोवती स्कूटर लावलेल्या असतात. तिथे त्या रोपांना पाणी दाखवून, पूजा करून, सवाष्णीनं ती सुपातून घरी आणायची, असं पिढ्यान्पिढ्या चालत आलेलं.

नवऱ्यानं दबकत आईंना सांगितलं. मी आतल्या खोलीत गादीवर मुटकुळं करून पडले होते, दार उघडं होतं. चुलतसासूंचा आवाज चढला. "वैनी, आता गो? गोली न्हाय दिलीस काय तिला? थांब, मी आमचे सुनेला बोलावतंय."

"तुजे सुनेनं तिचे घरची गौर आनायची," सासूबाई म्हणाल्या. "आपली गौर काय भाड्यानं आनायची?"

"मंग कोन आनंल?"

मी कान बंद करून घेतले. मला वाटलं, आता मला उठवतील, आंघोळ घालतील, म्हणतील, देवाला माफी मागू पण चल. उठायची माझी ताकद नव्हती. सासूबाई आत आल्या. हातात गरम पाण्याची पिशवी. ती माझ्या पोटावर ठेवली, टॉवेल नीट केला, जसा त्यांचा मुलगा करतो तसाच. मला वाटायचं हे तो स्वतःहून शिकला.

"मी आनतंय गौर," त्या म्हणाल्या.

"आई, तुम्हाला चालत नाही."

"तुला बी चालत न्हाय, मना बी चालत न्हाय. माजा कुठं दुखतंय? मी चालीन."

इतकी वर्षं ही बाई गौरीच्या पाटाला हात लावत नव्हती. सासरे गेल्यावर कुठल्या लग्नात हळद लावायला पुढे झाली नाही, डोहाळजेवणात ओटी भरायला उठली नाही. कुणी हात धरून उठवलं तरी मागे सरायची. ती आज स्वतःहून पुढे झाली होती, माझ्याऐवजी. मी म्हटलं, "लोक बोलतील."

"बोलू दे. तुला बोलण्यापरास मना बोलतील. मना सवय हाय."

मग त्या गादीच्या कडेला टेकल्या आणि जे कधी बोलल्या नव्हत्या ते बोलल्या. त्यांचंही असंच दुखायचं. सगळं काम शेतावरचं, मिठाच्या वाफ्यातलं. त्या चार दिवसांत त्यांना मागच्या पडवीत टाकायचे. गोणपाटावर पडून राहायचं, कुणी काम सांगायचं नाही. "तेवडाच आराम गो. मना वाटला, तुला बी तो आराम द्यावा. तू भांडलीस. मना वाटला, शिकलेली पोर, तिचा दुखत नसंल." बाजूला बसवणं मला तेव्हाही पटलं नव्हतं आणि आजही पटत नाही. आराम द्यायचा तर सरळ गादी घालून द्यावी, त्यासाठी कुणाला विटाळशी म्हणायची गरज नाही. पण त्या वेळी मी भांडले नाही. त्यांचा हात धरून ठेवला.

आणि गौर आली. उघड्या दारातून मी बघत होते. सासूबाईंनी सूप डोक्यावर घेतलं होतं. पांढऱ्या केसांवर हिरवी-गुलाबी रोपं. दारात चुलतसासूंनी तोंड वाकडं करून का होईना, त्यांच्या पायांवर पाणी घातलं. पण ठरलेला प्रश्न काही त्या विचारेनात. शेवटी माझ्या नवऱ्यानंच विचारला, "गौर आली, कशाच्या पावलानं आली?" बायकांनी विचारायचा प्रश्न पुरुषानं विचारला म्हणून दोन बायका फिस्सकन हसल्या. सासूबाई मात्र गंभीर चेहऱ्यानं म्हणाल्या, "सोन्याच्या पावलानं," आणि आत आल्या. त्यांचा आवाज थरथरत होता, पण सूप हललं नाही. मी गादीवर पडल्या पडल्या हात जोडले, गौरीला जोडले की त्यांना, ते मलाही सांगता येणार नाही.

विसर्जनानंतर आम्ही तिघं सर्जनबाईंकडे गेलो. सासूबाई स्वतःहून साडी बदलून तयार बसल्या होत्या. आत गेल्यावर बाईंनी पुन्हा सगळं समजावलं आणि मला विचारलं, "मग? फारच चिकटलेली असली तर काढू, की जमेल तेवढी ठेवू?"

मी सासूबाईंकडे बघितलं नाही. बघवलंच नाही. "ठेवा," मी म्हटलं. "काहीही करून ठेवा. दुखलं तरी चालेल." ते 'दुखलं तरी चालेल' मी कुणासाठी म्हटलं हे त्या खोलीत सगळ्यांना कळलं असणार. सर्जनबाई म्हणाल्या, "प्रयत्न करते. आत गेल्यावर जे दिसेल तसं." सासूबाईंनी पदर सावरला, तेवढंच.

ऑपरेशनच्या दिवशी मी भयंकर घाबरले होते आणि घाबरले की मी भांडते. सलाइन लावणाऱ्या सिस्टरशी भांडले, नवऱ्याशी भांडले, नखांचा रंग काढायला सांगितला त्यावरून भांडले. सासूबाई शेजारी बसून माझ्या नखांवरचा रंग कापसानं पुसत राहिल्या. आत नेताना त्यांनी माझ्या कपाळावर हात ठेवला. मग मला फक्त वरचे दिवे आठवतात.

जाग आली तेव्हा तोंड कोरडं पडलं होतं आणि खांद्यात दुखत होतं. सिस्टर म्हणाली, पोटात भरलेल्या हवेनं तसं होतं, जाईल. नवरा औषधं आणायला खाली गेला होता. सासूबाई स्टुलावर बसल्या होत्या, चप्पल काढून, पाय वर घेऊन, घरच्यासारख्या. माझ्या मनात एकच होतं. जीभ टाळ्याला चिकटलेली, तरी मी विचारलं, "आई, ठेवली की काढली?"

त्यांना चटकन कळलं नाही. "काय?"

"ओव्हरी. डावी. डॉक्टर काय म्हणाल्या?"

"तो मना न्हाय माहीत," त्या म्हणाल्या. "बाई बाहेर आल्या तं मी इचारला, पोरीचा दुखना जाईल नं आता? त्या बोलल्या, बराच कमी होईल. मी बोलले बरा, आनि आले तुज्याकडं."

"पण मूल..." मी म्हटलं. "तुम्ही ते विचारलंच नाही?"

"त्यांनी सांगाया घेतला व्हता कायतरी. मी बोलले, तो तुमी तिला सांगा, तिची वस्तू हाय."

मी रडायला लागले तर टाके ओढले गेले. सासूबाई घाबरल्या, सिस्टरला हाका मारायला लागल्या, "अगो बाय, हिचा दुखतंय, ये लवकर!" मला हसू आलं, आणि हसण्यानं आणखी दुखलं.

दुसऱ्या दिवशी सर्जनबाई राउंडला आल्या. डाव्या ओव्हरीचा बराचसा भाग ठेवता आला होता, उजवी, तिची लहान गाठ काढून, पूर्ण राहिली होती. गाठ परत होऊ शकते, औषध बराच काळ घ्यावं लागेल, मूल होईल की नाही ते आज कुणीच सांगू शकत नाही, पण दार बंद झालेलं नाही. बाई गेल्या. मी सासूबाईंकडे बघितलं. इतक्या वर्षांनी पहिल्यांदा मी न घाबरता त्यांच्या तोंडाकडे बघत होते, आनंद दिसतोय का ते शोधत होते.

"ऐकलंत ना आई? वाचली."

"ऐकला," त्या म्हणाल्या. डबा उघडून त्यांनी पेजेचा पहिला चमचा माझ्या तोंडाजवळ आणला आणि तसाच हात थांबवून विचारलं, "पन पोरी, तुजा अजून दुखतंय काय?"